भिंतीवरची, झाडावरची, बांधावरची : खानदेशात पाली नेमक्या किती प्रकारच्या आहेत?

अंजनडोह (धागाकर्ता), १८ मे

आमचे घर यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. जुने धाब्याचे घर उतरवून त्या जागी स्लॅबचे घर बांधले, परंतु मागचा गोठा, अंगणातला कडुनिंब आणि शेताच्या बांधावरची दगडांची रास हे सारे पूर्वीसारखेच आहे. या उन्हाळ्यात रात्री अंगणात झोपत असल्यामुळे पालींकडे प्रथमच नीट लक्ष गेले. माझ्या सातवीतल्या मुलीने विचारले की, ट्यूबलाइटजवळची पाल आणि कडुनिंबावरची पाल एकच आहे का? मी सवयीने हो म्हणालो, आणि नंतर बॅटरी घेऊन पाहिल्यावर माझे उत्तर चुकल्याचे मलाच जाणवले.

भिंतीवरची पाल अंगाने भरलेली, फिकट आणि पाठीला गुळगुळीत आहे. तिच्या पोटाकडे पिवळसर छटा दिसते. कडुनिंबावरची करड्या रंगाची असून तिच्या पाठीवर गडद नागमोडी खुणा आहेत, आणि ती हलली नाही तर सालीतून वेगळी ओळखूच येत नाही. बांधावरच्या दगडांखालची तिसरी पाल लहान, तपकिरी, ठिपकेदार आहे व तिच्या पाठीवर ज्वारीच्या बारीक कणीसारखे दाणे ओळीने उठलेले आहेत. एका पुस्तकात या सगळ्यांना मिळून ‘पानासारख्या बोटांच्या पाली’ असे म्हटले आहे. या तीन वेगळ्या जाती आहेत का, आणि बोटांना पान का म्हणायचे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

वरणगावकर, १८ मे

तीनही पालींच्या तळव्यांचे फोटो मिळाले, तर बरेच काही सांगता येईल.

सालई, १९ मे

तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी योग्य आहे. आपण ज्यांना सरसकट पाल म्हणतो, त्या भारतातल्या बहुतेक पाली हेमिडॅक्टिलस या प्रजातीत, म्हणजे जवळच्या अनेक जातींच्या गटात येतात. या नावाचा अर्थ ‘अर्धी बोटे असलेली’ असा आहे. बोटाच्या मागच्या भागाखाली पसरट गादी असते आणि पुढचे नखाचे पेर त्या गादीतून मोकळे होऊन वर उचललेले असते. त्यामुळे बोट अर्ध्यातच संपल्यासारखे दिसते. गादीखाली आडव्या पट्ट्या जोडीजोडीने असतात आणि मध्यशिरेच्या दोन्ही बाजूंना पानाच्या शिरा जाव्यात तशा त्या दिसतात. जगभरात या प्रजातीच्या दीडशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि त्यांतला मोठा वाटा भारतीय द्वीपकल्पाचा आहे.

तुमच्या वर्णनावरून भिंतीवरची पाल हेमिडॅक्टिलस फ्लॅविविरिडिस असावी. पाठ गुळगुळीत, रंग पिवळट-हिरवट, आणि माणसाच्या वस्तीची एवढी सवय की दिव्याभोवतीची जागा ती दुसऱ्या पालीला सहसा देत नाही. खानदेशातल्या भिंतीवरच्या या पालीला शास्त्रीय नाव मिळाले ते मात्र लाल समुद्राच्या किनाऱ्यावरच्या मसावा बंदरातल्या नमुन्यांवरून, १८३५ साली. कडुनिंबावरची हेमिडॅक्टिलस लेशेनॉल्टी म्हणजे झाडसालीवरची पाल असणार. या दोन्ही जाती आकाराने जवळपास सारख्याच वाढतात, म्हणून लोक त्यांना एकच समजतात.

तिसऱ्या पालीबद्दल घाईने नाव घेऊ नये असे मला वाटते. पाठीवर दाण्यांच्या ओळी असलेल्या लहान पालींचा ‘ब्रुकी’ गट फार गुंतागुंतीचा आहे. त्यावर कोणीतरी सविस्तर लिहावे.

केळीबाग, १९ मे

आमच्याकडे रावेर भागात झाडावरच्या पालीही घरात येतात. मागच्या पावसाळ्यात चिंचेखालच्या खोलीत अशीच करडी पाल होती. त्यामुळे जागेवरून जात ठरवणे मला पटत नाही.

सालई, १९ मे

केळीबागभाऊ, तुमचे निरीक्षण बरोबर आहे. लेशेनॉल्टी घरात येते आणि फ्लॅविविरिडिस क्वचित झाडावरही दिसते. जागा हा पहिला धागा समजावा, पुरावा नव्हे. पुरावा अंगावर असतो. नराच्या मांडीखाली बारीक छिद्रांची ओळ असते. फ्लॅविविरिडिसमध्ये प्रत्येक बाजूला साधारण ५ ते ७ छिद्रे आढळतात, लेशेनॉल्टीमध्ये ती बारा किंवा त्याहून अधिक असतात, आणि किनारपट्टीवर व दक्षिणेत सर्वत्र दिसणाऱ्या फ्रेनेटस जातीत दोन्ही मांड्यांवरून सलग एकच ओळ जाते. मादीमध्ये ही छिद्रे नसतात, त्यामुळे तिच्या बाबतीत पाठीवरचे दाणे आणि बोटांखालच्या पट्ट्या पाहाव्या लागतात.

मस्कतनिवासी, २० मे

मी मूळचा अमळनेरचा असून सध्या ओमानमध्ये नोकरीस आहे. धाग्याचा विषय पाहून राहवले नाही, कारण ‘पानासारखी बोटे’ या शब्दांबद्दल माझा थोडा मतभेद आहे. भारतातल्या प्राणिविषयक पुस्तकांत हे विशेषण हेमिडॅक्टिलसला लावतात हे खरे, परंतु जगात अन्यत्र ज्यांना हे नाव आहे त्या पालींची बोटे वेगळीच असतात. येथील हजर पर्वतात आसॅकस प्रजातीच्या पाली आहेत. त्यांचे बोट सडपातळ असते आणि अगदी टोकाला दोन छोट्या पाकळ्या फुटलेल्या असतात. नख त्या दोन पाकळ्यांच्या मध्ये बसते. आपट्याच्या पानाची जोड डोळ्यांसमोर आणली, की हा आकार लगेच कळतो. उन्हात तापून निघालेल्या चुनखडीच्या कपारींत त्या दिवसभर दडून राहतात आणि रात्री उभ्या कड्यावर उतरत्या डोक्याने फिरतात.

अशाच टोकाला पाने असलेल्या पाली अमेरिकेच्या उष्ण कोरड्या भागांत आणि गालापागोस बेटांवर आहेत. त्या फिलोडॅक्टिलस प्रजातीच्या होत. भूमध्य समुद्रातल्या बेटांवर युलेप्टिस युरोपिया ही लहानशी पाल आहे. सोकोत्रा बेटावर हेमोड्रॅकन आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या अशा पालींना पूर्वी फिलोडॅक्टिलसच म्हणत असत. १९९७ साली त्यांची फोड होऊन गॉगिया, ॲफ्रोगेको आणि क्रिप्टॅक्टाइट्स अशा स्वतंत्र प्रजाती झाल्या. यांपैकी क्रिप्टॅक्टाइट्सची एकुलती एक जात खाऱ्या दलदलीच्या काठावर राहते. ती नामशेष झाली असे मानले जात होते, परंतु १९९२ साली क्रॉम नदीच्या मुखाजवळ ती पुन्हा सापडली. कड्याकपारीत राहणाऱ्या कुळातली एक जात खाऱ्या गवताच्या बुडाशी जाऊन वसते, ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

गणितशिक्षिका, २० मे

मस्कतनिवासी दादा, इतक्या दूरदूरच्या ठिकाणी सारखी बोटे असतील, तर त्या सर्व पाली एकाच पूर्वजाच्या मानायच्या का?

सालई, २० मे

नाही, ताई. पूर्वीच्या अभ्यासकांनी बोटांच्या आकारावरूनच त्यांना एकत्र ठेवले होते, परंतु जनुकीय तुलनेनंतर हे गट एकमेकांपासून बरेच दूर असल्याचे दिसून आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक विश्लेषणानुसार, पालींच्या वंशवृक्षात चिकटणाऱ्या गाद्या सुमारे ११ वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाल्या आणि ९ वेळा नाहीशा झाल्या. उभा खडक, झाडाचे खोड आणि रात्रीची शिकार ही गरज सारखी होती, म्हणून उत्तरही सारखे आले.

गादी काम कशी करते हेही सांगतो. बोटाखालच्या प्रत्येक पट्टीवर डोळ्यांना न दिसणारे केस असतात. ‘टोके’ नावाच्या मोठ्या पालीवर झालेल्या अभ्यासात एका पायावर असे सुमारे ५ लाख केस मोजले गेले, आणि प्रत्येक केस टोकाला शेकडो सूक्ष्म चपट्या तंतूंमध्ये फुटतो. हे तंतू पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधल्या क्षीण आकर्षणाची बेरीज पालीचे वजन सहज पेलते. तेथे डिंक नाही, हवेची पोकळीही नाही. बोट टोकाकडून वर वळवले की पकड सुटते. पाल चालताना तिची बोटे उलट वळताना दिसतात, ती याचमुळे.

नशिराबादी, २१ मे

शास्त्र आपल्या जागी आहे, पण आमच्या आजीच्या वेळी दुधात पाल पडून घरातली चार माणसे आजारी पडली होती. पाल विषारी असते हे गावोगावच्या लोकांनी अनुभवलेले आहे. घरात तिला ठेवणे मला योग्य वाटत नाही.

औषधनिर्माता, २१ मे

नशिराबादी भाऊ, आपल्या घरातले आजारपण खरे होते याबद्दल मला शंका नाही. परंतु त्याचे कारण विष नव्हते. आपल्याकडच्या कोणत्याही पालीत विषग्रंथी नाही. पालीच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, आणि उन्हाळ्यात कोमट दुधात ते झपाट्याने वाढतात. जुलाब, उलट्या, ताप ही लक्षणे त्यामुळे येतात. दूध झाकून ठेवणे आणि पाल पडलेले अन्न टाकून देणे हे दोन्ही उपाय योग्यच आहेत, फक्त पाल मारण्याचे कारण त्यातून निघत नाही. आमच्या दुकानाच्या दिव्याजवळ दोन पाली आहेत. पहिल्या पावसानंतर पंख फुटलेल्या वाळवीचे थवे आले, की त्या रात्रभर खात असतात.

नशिराबादी, २१ मे

जंतूंची गोष्ट कोणी इतकी नीट सांगितली नव्हती. आभारी आहे. मात्र आईला पटवणे कठीण जाईल.

डांगवाट, २३ मे

सालई यांनी ब्रुकी गटाबद्दल लिहिण्याचे सुचवले होते. मी नवापूरकडचा असल्याने हा विषय मला जिव्हाळ्याचा आहे. ग्रे यांनी १८४५ साली हेमिडॅक्टिलस ब्रुकी हे नाव दिले, ते सारावाकचे राजे जेम्स ब्रुक यांच्यावरून, म्हणजे बोर्निओच्या संदर्भात. पुढे शंभराहून अधिक वर्षे भारतातल्या दगडाखालच्या, पडक्या भिंतीतल्या, दाणेदार पाठीच्या जवळजवळ सर्व लहान पालींना हेच नाव लावले गेले. माल्कम स्मिथ यांच्या १९३५ सालच्या ग्रंथातही तसेच आहे. २०११ साली मूळ नमुने पुन्हा तपासण्यात आले आणि त्यानंतर जनुकीय अभ्यास झाले, तेव्हा या एका नावाखाली अनेक जाती दडल्या असल्याचे सिद्ध झाले. मरेयी, ग्लॅडोवी, पार्विमॅक्युलेटस, ट्रॉयटलेरी अशी जुनी-नवी नावे आता स्वतंत्रपणे वापरात आहेत.

यांपैकी मरेयीची हकीकत आपल्या अगदी शेजारची आहे. ग्लॅडो यांनी १८८७ साली मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेच्या नियतकालिकात तिचे वर्णन केले, आणि तो लेखच मुळी ‘डांगातली नवी पाल’ या विषयावर होता. आमच्या गावातून डांगाचे डोंगर दिसतात. ज्या पालीला आम्ही लहानपणी लाकडाच्या ढिगाऱ्यातून हुसकावत होतो, तिच्या नात्यातल्या पालीचे वर्णन येथून काही कोसांवर झाले होते, हे कळल्यावर मी कित्येक दिवस त्याच विचारात होतो. दुसऱ्या टोकाला, म्हणजे पूर्वेकडे, वऱ्हाडातून ब्लॅनफर्ड यांनी १८७० साली ग्रॅसिलिस या सडपातळ, जमिनीवर राहणाऱ्या पालीचे वर्णन केले. २०१७ साली मध्य प्रदेशातली चिपकली आणि २०१९ साली चिखलदऱ्याचे नाव धारण करणारी चिखलदराएन्सिस अशा नव्या जाती प्रसिद्ध झाल्या. खानदेश या सर्वांच्या मधोमध आहे. तेव्हा अंजनडोह यांच्या बांधावरची पाल कोणती, हे घरबसल्या ठरवणे उचित नाही.

बोदवडकर, २३ मे

एक शंका मनापासून मांडतो. एका पालीच्या पाच जाती केल्याने कोणाचे काय हित होते? दोन पालींत एखाद्या छिद्राचा फरक पडला म्हणून नवे नाव देणे मला अतिरेक वाटतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाल ती पालच.

डांगवाट, २४ मे

बोदवडकर आप्पा, फरक केवळ छिद्राचा असता, तर मीही आपल्याशी सहमत झालो असतो. नाव एकच असते तेव्हा ती पाल बोर्निओपासून सिंधपर्यंत सर्वत्र आहे असे कागदावर दिसते, आणि मग तिच्या काळजीची गरज कोणालाच वाटत नाही. पालींचे अभ्यासक वरद गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्याद्रीत केलेले काम पाहावे. सातारा जिल्ह्यातल्या पठारावरची साताराएन्सिस ही इवलीशी, जमिनीवर राहणारी पाल २००८ साली वेगळी ओळखली गेली. त्याच वर्षी पुणे जिल्ह्यातली आरोनबाउएरी ही मोठी, कड्यांवर राहणारी पाल प्रसिद्ध झाली. एक पठार सोडत नाही आणि दुसरी कडा सोडत नाही. पठारावर रस्ते, पवनचक्क्या किंवा खाणी आल्या तर साताराएन्सिसला शेजारच्या जंगलात जाऊन राहता येत नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावरच्या आल्बोफॅसिएटसचीही तीच स्थिती आहे. वेगळे नाव असल्याशिवाय हे नुकसान मोजताच येत नाही.

बोदवडकर, २४ मे

हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता. वाणाचे नाव माहीत असल्याशिवाय कपाशीवरचा रोग कोणत्या वाणाला लागतो हे सांगता येत नाही, तसेच हे आहे.

साक्रीचा प्रवासी, २६ मे

धुळे-नंदुरबार भागातल्या एका अधिवासाचा उल्लेख राहिला आहे. साक्रीकडून नंदुरबारकडे जाताना शेतांमधून सरळ रेषेत गेलेल्या, जणू कोणी बांधून काढल्यासारख्या काळ्या खडकाच्या भिंती दिसतात. भूशास्त्रज्ञ त्यांना डाईक म्हणतात. दख्खनच्या लाव्ह्याच्या काळात भेगांमध्ये रस थिजून त्या तयार झाल्या, आणि आजूबाजूचा मऊ खडक झिजल्यावर उभ्या राहिल्या. आमच्या शेताला लागून अशी एक भिंत आहे. मे महिन्यात दुपारी त्यावर हात टेकवत नाही, परंतु खडक उभ्या-आडव्या भेगांनी फुटलेला असल्यामुळे आतल्या फटी बऱ्याच थंड राहतात. रात्री दहानंतर बॅटरी मारली, तर प्रत्येक दहा-बारा पावलांवर एक तरी पाल दिसते. भिंतीच्या पायथ्याशी दाणेदार पाठीच्या लहान पाली असतात आणि वरच्या मोठ्या फटींत त्यांच्याहून पुष्कळ मोठी, गडद ठिपक्यांची पाल मी दोनदा पाहिली आहे. फोटो मात्र अस्पष्ट आले.

या भिंती खडीसाठी फोडल्या जात आहेत. आमच्या बाजूचा तुकडा वडिलांनी विकण्यास नकार दिला, त्याचे कारण पाली नव्हते, भिंतीच्या आडोशाला विहिरीचे पाणी टिकते हे होते.

वरणगावकर, २६ मे

मोठ्या पालीचा स्पष्ट फोटो मिळवण्याचा प्रयत्न अवश्य करावा. मॅक्युलेटस आणि तिच्या नात्यातल्या खडकावरच्या मोठ्या पाली सह्याद्रीत आहेत, गुजरातमधून गुजराटेन्सिस ही जात २००९ साली नोंदली गेली. आपल्या डाईकवर कोण आहे हे पाहायला मी स्वतः यायला तयार आहे.

पालकर, २७ मे

मी रावेर तालुक्यातल्या पाल या गावचा, म्हणून या धाग्यावर लिहिण्याचा मला विशेष अधिकार आहे असे समजतो. आमच्या डोंगरात जमिनीवर चालणारी, जाड शेपटीची, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची एक पाल पावसाळ्यात दिसते. लोक तिला फार घाबरतात आणि दिसताक्षणी मारतात. तीही याच गटातली आहे का?

सालई, २७ मे

नाही. ती युब्लेफारिस, म्हणजे बिबट्यासारख्या ठिपक्यांची पाल असावी. तिच्या बोटांना गादी मुळीच नसते, म्हणून ती भिंतीवर चढू शकत नाही. दुसरी खूण अशी की तिला हलणाऱ्या पापण्या असतात. घरातल्या पालीच्या डोळ्यावर पारदर्शक पडदा असतो आणि तो ती जिभेने चाटून स्वच्छ करते. सातपुड्याच्या मध्य प्रदेशातल्या भागातून २०१४ साली युब्लेफारिस सातपुराएन्सिस ही जात प्रसिद्ध झाली, आणि पश्चिम भारतात फस्कस ही जात आहे. दोन्ही पूर्णपणे निरुपद्रवी आहेत. पालकर भाऊ, आपल्या गावात ही गोष्ट शाळेतल्या मुलांना दाखवता आली, तर कितीतरी जीव वाचतील.

गणितशिक्षिका, २८ मे

भिंतीवरच्या पालीचा तळवा तिला न पकडता कसा पाहावा, यासाठी एक सोपी रीत सुचवते. खिडकीच्या काचेवर पाल बाहेरून बसली, की खोलीतला दिवा मालवून आतून बॅटरीच्या तिरप्या उजेडात फोटो घ्यावा. पोट, मांड्यांची छिद्रे आणि बोटांखालच्या पट्ट्या सर्व काही दिसते. पाल पकडली तर ती शेपटी टाकते. शेपटीत साठवलेली चरबी गेल्यामुळे तिचे पुढचे काही आठवडे कठीण जातात.

अंजनडोह (धागाकर्ता), १४ जून

सर्वांचे मनापासून आभार. परवा पहिला पाऊस झाला आणि काल रात्री गणितशिक्षिका ताईंनी सांगितलेली रीत आम्ही करून पाहिली. मुलीने काचेमागून मोजले : उजव्या मांडीवर ६ आणि डाव्या मांडीवर ६ छिद्रे. पाठ गुळगुळीत आहेच. म्हणजे भिंतीवरची पाल फ्लॅविविरिडिस, आणि नर. कडुनिंबावरच्या पालीचा फोटो सालीच्या कडेवरून मिळाला. छिद्रे दिसत नाहीत, परंतु पाठीवर दाण्यांच्या ओळी नाहीत आणि खुणा स्पष्टपणे नागमोडी आहेत, तेव्हा तिला लेशेनॉल्टी म्हणण्यास हरकत नसावी.

तिसऱ्या पालीच्या नावापुढे मुलीने वहीत ‘ब्रुकी गट, जात नक्की नाही’ असे लिहिले आहे. मीही तेवढ्यावरच थांबतो. बांधावरची दगडांची रास ठिबकच्या नळीसाठी या आठवड्यात जेसीबी लावून काढायची ठरली होती. त्याआधी एक दगड उचलून पाहिला, तर त्याखाली गोल, पांढरी, कठीण कवचाची दोन अंडी होती. दगड होता तसाच परत ठेवला आणि नळीची चारी बांधापासून बारा फूट आत घेतली. त्यामुळे पिकाची एक ओळ कमी होते, परंतु तेथे मुरमाड जमीन असल्याने पीक तसेही बेताचेच येत होते.

साक्रीच्या प्रवासी दादांनी आणि वरणगावकरांनी डाईकवर जायचे ठरवले, तर आम्हा दोघांनाही कळवावे. बॅटरी आणि वही घेऊन आम्ही येऊ.

साक्रीचा प्रवासी, १५ जून

अमावास्येच्या आसपास या. जेवण आमच्याकडेच करावे.